साडभाऊंची दोन पदरी रिंग

परमेश्वराने पृथ्वी गोल केली ती आमच्या साडभाऊंच्या शिफारशीवरून, अशी माझी पक्की समजूत आहे. गोल करून झाल्यावर "एकच पदर काहून? दुसरा पदर उलटा फिरवा, एक तुटला तं दुसरा कामी येते," अशीही सूचना त्यांनी केली असणार. ती मात्र परमेश्वराने कामाच्या गडबडीत कानाआड केली आणि म्हणूनच जगाचं आज हे असं झालेलं आहे. मी शाळेत भूगोल शिकवतो. पृथ्वी गोल आहे हे गेली कित्येक वर्षं मी मुलांना सांगतो आणि मुलं ते निमूटपणे लिहून घेतात. पण पृथ्वी गोल असल्याचा इतका घरगुती आनंद झालेला माणूस मी साडभाऊंखेरीज दुसरा पाहिला नाही.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान; तेही मला साडभाऊच म्हणतात. नागपूर शहर जिथं संपलं असं वाटतं आणि पुन्हा सुरू होतं, तिथं एक अभियांत्रिकी कॉलेज आहे. त्या कॉलेजचं संगणकांचं जाळं ते सांभाळत. कागदोपत्री त्यांचं पद लांबलचक आणि इंग्रजी होतं, पण शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे त्यांना 'रिंगवाले साहेब' म्हणत. वीसेक वर्षांपूर्वी, जेव्हा संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जायची पद्धत होती, तेव्हा त्यांनी उन्हातान्हात उभं राहून, चर खणून घेऊन, कॉलेजच्या सातही इमारतींमधून ऑप्टिकल फायबर फिरवली. फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काचेची तार. तिच्यातून उजेड पळतो आणि उजेडाबरोबर माहिती पळते. कार्यालयातून निघालेली ही तार वाचनालयात, तिथून कर्मशाळेत, तिथून पुढच्या इमारतीत, अशी गावभर हिंडून परत कार्यालयात येत होती. बरं, तार एक नाही, दोन. एकीतून उजेड उजवीकडून फिरणार, दुसरीतून डावीकडून. कुठं घाव बसलाच तर घावाच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींनी माहिती दुसऱ्या तारेवरून उलटी वळवायची आणि काम चालू ठेवायचं, कोणाला कळूसुद्धा द्यायचं नाही. हे सगळं मला त्यांनी पहिल्यांदा समजावलं ते माझ्या लग्नात, मी मुंडावळ्या बांधून पाटावर बसलेलो असताना. गुरुजींनी दोनदा खाकरून पाहिलं. साडभाऊ म्हणाले, "दोन मिनिटं थांबा, गुरुजी. लग्न एका दिवसाचं हाय, हे यायले जन्मभर कामी येईल."

त्याच लग्नात पंगतीची व्यवस्था त्यांच्याकडे होती. पंगत गोलाकार मांडून त्यांनी वाढप्यांच्या दोन तुकड्या केल्या. एक तुकडी उजवीकडून निघायची, दुसरी डावीकडून. मधे एखादा वाढपी अडकला तरी दुसऱ्या बाजूचा पोचेल, कोणीही उपाशी राहणार नाही, असा त्यामागचा शास्त्रीय विचार. झालं असं, की वडाभाताची दोन पातेली माझ्या सासऱ्यांच्या पानासमोर आमनेसामने आली आणि दोन्ही वाढपी तिथंच थबकले. मागं फिरायची आज्ञा नव्हती आणि एकमेकांना ओलांडायला जागा नव्हती. तोवर सासऱ्यांच्या पानात दोन्हीकडून भात पडत होता. त्यांच्या मागून बुंदी आली, तीही दोन्हीकडून. सासरे काटोलचे, आयुष्यभर संत्र्याच्या बागेत राबलेले, जेवायला कधी नाही न म्हणणारे, पण त्या दिवशी त्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले आणि थोरल्या जावयाकडे पाहून म्हणाले, "जावईबापू, तुमची ती तार इकडं तुटली असं समजा ना गा."

साडभाऊ गेलेल्या रस्त्याने परत येत नाहीत. एखाद्या ठिकाणाला जायला एकच रस्ता असेल तर ते ठिकाण त्यांच्या लेखी धोकादायक असतं. महालात भाजी आणायला गेले तरी जाताना एका गल्लीने आणि येताना दुसऱ्या गल्लीने, मग त्यासाठी दोन किलोमीटरचा वळसा पडो. एका मे महिन्यात आम्ही दोन्ही कुटुंबं त्यांच्या गाडीतून रामटेकला गेलो होतो. गावाच्या बाजूला गाडी लावली, गड चढलो, रामाचं दर्शन घेतलं, माकडांनी आमचे फुटाणे घेतले. मग साडभाऊ आम्हाला तलावाच्या बाजूच्या पायऱ्यांनी खाली घेऊन उतरले, कारण चढलेल्या वाटेने उतरायचं नसतं. खाली पोचल्यावर माझ्या बायकोने विचारलं, "भाऊजी, गाडी कुठं आहे?" गाडी अर्थातच डोंगराच्या पलीकडे होती. नागपूरकडचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते मी सांगत बसत नाही. त्या उन्हातून डोंगराला अर्धी प्रदक्षिणा घालून आम्ही गाडीपर्यंत आलो तेव्हा साडभाऊ खरोखर समाधानी दिसत होते. "पोचलो का नाई? मंग," एवढंच ते म्हणाले. ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, पदराने तोंड पुसत माझ्या बायकोला म्हणाल्या, "यांच्यासंगं देवदर्शनाले येनं म्हंजे देवाकडंच जानं हाय वं."

त्यांनी आमच्या गृहसंस्थेच्या सभेला शिस्त लावली, ती हकिकत तर आजही जिन्यात सांगितली जाते. सभेत सगळे एकाच वेळी बोलतात हे त्यांना सहन होत नसे. एकदा पाहुणे म्हणून आले असताना त्यांनी उपाय सुचवला. "जुन्या रिंगमदे टोकन फिरते. ज्याच्यापाशी टोकन, त्यानंच बोलावं. बाकीच्यानं गप बसावं. टक्कर होतच नाई." टोकन म्हणून कोणाच्या तरी घरचा अडकित्ता आला. विषय होता गच्चीवरच्या टाकीची गळती. अडकित्ता दोन घरं फिरून तळमजल्यावरच्या निवृत्त तहसीलदार आजोबांच्या हाती आला. आजोबांनी तो दोन्ही हातांत घट्ट धरला, डोळे मिटून विचार सुरू केला आणि पाच मिनिटांत घोरू लागले. आता त्यांना उठवायचं तर बोलावं लागणार आणि बोलायला अडकित्ता हवा. एकाने तोंड उघडायचा प्रयत्न केला तेव्हा साडभाऊंनी ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो सुनेच्या माहेरचा असल्यासारखा गप्प झाला. पाऊण तास बावीस माणसं शांत बसून वरच्या टाकीचं पाणी जिन्यात ठिबकताना ऐकत होती. शेवटी आजोबांच्या सूनबाई त्यांना जेवायला बोलवायला आल्या. त्या सभासद नव्हत्या, त्यामुळे त्यांना नियम लागू नव्हता. "बाबा, चला जेवाले," असं त्या म्हणताच आजोबा दचकून जागे झाले आणि "मंजूर" म्हणून अडकित्ता पुढे दिला. टाकी आहे तशीच ठेवण्याचा ठराव आमच्या वहीत एकमताने मंजूर म्हणून नोंदला गेला आहे.

रिंगवर जितकं प्रेम तितकाच त्यांचा राग दुसऱ्या पद्धतीवर होता. ही दुसरी पद्धत म्हणजे मधे एक डबा ठेवायचा आणि प्रत्येक इमारतीकडून त्या डब्यात स्वतंत्र तार आणून खुपसायची. कागदावर काढली तर चांदणीसारखी दिसते. साडभाऊ तिला चांदणीच म्हणत आणि ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर कारलं खाल्ल्याचा भाव येई. "मधला डबा मेला, का सारं गाव मेलं. एकट्याच्या गळ्यात सारं बांधून देता, अन् मंग म्हनता कारभार पाहा." हे ऐकायला ठीक होतं, पण त्यांच्या घरात पक्की चांदणी होती आणि मधला डबा ताई होत्या. किल्ल्या ताईंना विचारायच्या, रक्तदाबाची गोळी ताईंनी द्यायची, बाहेरगावी असलेल्या लेकाची खुशाली ताईंकडून कळायची. एकदा ताई आठ दिवस काटोलला माहेरी गेल्या, तर तिसऱ्या दिवशी सकाळी साडभाऊंचा मला फोन, घरात चहापत्ती कुठे असते म्हणून. मी म्हटलं, "तुमची चांदणी काटोलला गेली, आता दुसऱ्या पदरावरून घ्या." दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः फोन करून म्हणाले, "ते घर हाय. नेटवर्क नाई." आणि मग पुन्हा चहापत्तीचं विचारलं.

पण या सगळ्या वेडात एक गोष्ट अशी होती की जिची मी चेष्टा करायचो आणि मनातून मला तिचा हेवा वाटायचा. रोज सकाळी दहाला ते यंत्राच्या खोलीत जात. तिथल्या कपाटात रिंगची मुख्य पेटी होती. तिच्यावरचा हिरवा दिवा लागलेला आहे हे पाहत, नमस्कार करत, आणि बाहेर येऊन म्हणत, "माह्याच्यानं चालू हाय, बाप्पा." त्यांनी कधी मोठ्या पदाच्या मागे धावपळ केली नाही, कोणाची खुर्ची ओढली नाही. कॉलेजातल्या कोणत्याही माणसाने 'नेट बंद आहे' म्हणून फोन केला की जेवणाचा डबा उघडा टाकून ते निघत. खंडेनवमीला बाकीचे लोक आपापल्या गाड्या धुऊन हार घालत, तेव्हा हे त्या पेटीची साग्रसंगीत पूजा करत. कपाटाला झेंडू, पेटीला हळद-कुंकू. त्या पेटीला बरोबर कपाळाच्या जागी एक बारीक गोल होता. "पाहा, कुंकवाले कंपनीनं जागाच ठेवली," असं ते कौतुकाने दाखवत. दरवर्षी त्या गोलावर कुंकवाचा एक थर चढे आणि तो पुसायचा नाही असा त्यांचा दंडक होता. पुसणारा कोणी असता तर पुढचं काही घडलं नसतं, पण त्या खोलीची किल्ली त्यांच्याकडेच असायची.

साडभाऊंच्या निवृत्तीला तीन महिने राहिले असताना कॉलेजात नव्या प्राचार्या आल्या. बाई हुशार, शांत आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या जुनी यंत्रं पाहिली आणि रिंग काढून तिथं नवी चांदणी बसवायचा प्रस्ताव मांडला. एक पुरवठादारही आला. गळ्यात टाय, हातात रंगीत चित्रांचं पुस्तक, आणि दर वाक्यात 'भविष्य' हा शब्द दोनदा. साडभाऊ घरी आले ते न जेवताच बसून राहिले. त्यांना मुदतवाढ नको होती, सत्कार नको होता. आपण गेल्यावर आपली रिंग मागे चालू राहावी, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांनी प्राचार्यांना अर्जावर अर्ज केले. सातव्या अर्जात त्यांनी लिहिलं, की सर्वांच्या समक्ष मी रिंग स्वतःच्या हाताने कापून दाखवतो. काम क्षणभरही थांबलं, तर रिंग काढून टाका. थांबलं नाही, तर राहू द्या. बाईंनी अर्जावर 'मान्य' असा शेरा मारला.

घरचं कोणीतरी असावं म्हणून मलाही बोलावणं होतं. साडभाऊंनी दिवाळीचा सदरा घातला होता. त्यांच्याकडे फायबर कापायचं खास हत्यार होतं, पण पाहणाऱ्याला समजलं पाहिजे म्हणून त्यांनी ताईंची शिवणाची मोठी कात्री आणली होती. वाचनालयातून तार जिथं बाहेर पडत होती तिथं सगळे जमले. प्राचार्या, तीन विभागप्रमुख, टायवाले पुरवठादार आणि मी. साडभाऊंनी कात्री उचलली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आता मी हे कापून राहिलो. तुमाले काईच समजनार नाई. हेच त्याचं मोठेपन हाय." आणि त्यांनी कापलं.

समजलं सगळ्यांनाच. आधी कार्यालयातून "नेट गेलं" अशी हाक आली. मग कर्मशाळेतून कोणीतरी पळत आलं. तेव्हा प्रवेशाचे दिवस होते. खिडकीसमोर पालकांची रांग होती आणि सगळ्या रांगेचे अर्ज पडद्यावर अर्धवट अडकले. अर्धं कॉलेज एका बाजूला राहिलं, अर्धं दुसऱ्या बाजूला, आणि मधे साडभाऊ हातात कात्री घेऊन उभे. पुरवठादार खिडकीबाहेर पाहू लागले, तेवढी सभ्यता त्यांनी दाखवली. विभागप्रमुखांपैकी एक जण हसले. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. प्राचार्या पुढे आल्या, त्यांनी साडभाऊंच्या हातून कात्री काढून घेतली आणि म्हणाल्या, "सर, आधी पाणी घ्या. मग बघू."

साडभाऊंनी पाणी घेतलं नाही. तासाभरात त्यांनी कापलेली तार पुन्हा जोडली. सगळं पूर्ववत सुरू झालं आणि मग ते यंत्राच्या खोलीत जाऊन पेटीसमोर उभे राहिले. मी मागे होतो. हिरवा दिवा नेहमीसारखा लागलेला होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तार पुसायच्या स्पिरिटमध्ये भिजवला आणि पेटीच्या कपाळावरचं इतक्या वर्षांचं कुंकू पुसलं. ते पापुद्र्या-पापुद्र्याने निघालं. खाली एक पिवळा दिवा होता आणि तो जळत होता. त्या दिव्याचा अर्थ मला त्यांनी खाली बसून सांगितला. एका ठिकाणी तुटलं आहे, दुसऱ्या पदरावर काम चालू आहे, लवकर पाहा, असं तो दिवा सांगत होता. रिंग एक घाव सोसते. साडभाऊंचा घाव दुसरा होता. "हे कवाचं जळून राहिलं?" असं त्यांनी विचारलं, पण मला नाही, पेटीला.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही दोघे पहिला घाव शोधायला गेलो. त्यांच्याकडे एक पेन होतं, त्यातून लाल उजेड निघतो. तारेच्या एका टोकाला ते लावलं की उजेड आत पळत जातो आणि जिथं तार तुटलेली असेल तिथं बाहेर सांडतो. आम्ही चेंबरची झाकणं उचलली, कर्मशाळेमागच्या गवतात वाकून पाहिलं, जिन्याखाली सरपटलो. कुठंच काही नाही. दमून साडभाऊ आपल्या खोलीत आले, मी कुलर चालू करायला गेलो, आणि खिडकीखालच्या भिंतीला कुलरच्या पाण्याच्या पाइपाशेजारी करवंदाएवढा लाल ठिपका दिसला. त्यांनीही पाहिला. हा कुलर त्यांनी तीन उन्हाळे अर्ज करून मिळवला होता. तो बसवायला आलेल्या माणसाने पाइपासाठी भिंतीला भोक पाडलं, तेव्हा साडभाऊ स्वतः शेजारी उभे होते. "जरा खाली घे गा, पाइप वाकडा जाऊन राहिला," असं त्यांनीच त्याला सांगितलं होतं. खाली त्यांनीच फिरवलेली तार होती.

"नऊ उन्हाळे," साडभाऊ म्हणाले. कुलरचं गार वारं आमच्या दोघांच्या अंगावर येत होतं. "नऊ उन्हाळे मी इथं बसून थंडी हवा घेतली, अन् रोज दहा वाजता जाऊन म्हनलं, माह्याच्यानं चालू हाय. साडभाऊ, ते माह्याच्यानं तुटलं होतं. अन् तरी चालू होतं." मी त्यांना आयुष्यभर चिडवत आलो, पण त्या वेळी मी उठून कुलर बंद केला. मला त्यांची फार दया आली आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना पत्र लिहिलं आणि त्यात कुंकू, कुलर, भोक आणि 'जरा खाली घे' हे वाक्य, सगळं सहीनिशी कबूल केलं. आमच्याकडे लोक चोरी कबूल करतील, पण यंत्र समजलं नाही हे कबूल करत नाहीत.

बाईंनी त्यांना काही दंड केला नाही. पण निर्णय झाला होता. नवी चांदणी उभी राहणार आणि साडभाऊंच्या नोकरीच्या शेवटच्या सोमवारी रिंग बंद होणार. साडभाऊंनी हुज्जत घातली नाही. त्यांनी फक्त भिंत फोडून तार जोडायची परवानगी मागितली. ती फाइल लेखनिकाकडून स्थापत्य विभागाकडे, तिथून भांडाराकडे, तिथून पुन्हा लेखनिकाकडे, अशी दोन महिने गोल फिरली. रिंगवर कॉलेजचा एवढा विश्वास होता हे तेव्हाच कळलं. शेवटच्या शनिवारी परवानगी आली. प्राचार्यांनी विचारलं, "सर, सोमवारी बंद करायचीच आहे, तर दुरुस्त कशाला करता?" साडभाऊ म्हणाले, "मॅडम, दोन दिवस द्या फक्त." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सुट्टीसाठी इमारतीची किल्ली दिली.

शनिवारी दिवसभर आम्ही भिंत फोडली. म्हणजे गवंड्याने फोडली, मी धूळ खाल्ली. खालची तार साडभाऊंनी दोन बोटांनी बाहेर काढली, स्पिरिटने पुसली आणि नव्या तुकड्याची टोकं जोडयंत्रात समोरासमोर ठेवली. बारीकशी ठिणगी पडली आणि जोड झाला. चार जोड होते. प्रत्येक जोडाआधी ते हात मांड्यांवर पालथे ठेवून दहा आकडे मोजत. संध्याकाळी यंत्राच्या खोलीत आलो तर पिवळा दिवा विझलेला होता. रिंग नऊ वर्षांनी पूर्ण झाली होती आणि सोमवारपर्यंत तिच्यावर कोणी काम करणार नव्हतं. साडभाऊ तिच्यासमोर स्टुलावर बसून राहिले. मी ताईंना फोन करून सांगितलं की उशीर होईल.

सोमवारी दुपारी बंद करायची वेळ आली तेव्हाही मी शाळेतून सुट्टी घेऊन गेलो. नवी चांदणी सकाळपासूनच सुरू होती. साडभाऊंनी एकेक कळ दाबत पेटी बंद केली, हिरवा दिवाही गेला. मग ते आपल्या टेबलाशी येऊन बसले आणि फोनकडे पाहू लागले. मला आधी कळेना. मग कळलं. इतक्या वर्षांत त्यांच्या रिंगने मिनिटभर दम घेतला तरी सातही इमारतींतून फोन येत. ते त्या फोनची वाट पाहत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. फोन आला नाही. कोणाचंच काही अडलं नव्हतं. साडभाऊंनी फोन उचलून कानाला लावून पाहिला, चालू होता. परत ठेवला.

मी "चहा सांगून येतो" म्हणून बाहेर पडलो. उपाहारगृहात भिंतीला आतला फोन होता. मी त्यांचा नंबर फिरवला आणि आवाज शक्य तितका जाड करून म्हटलं, "साहेब, नेट बंद पडलं वाटते."

पहिल्याच घंटीला उचलला होता त्यांनी. "कोनत्या डिपार्टमेंटमदून बोलून राहिले?"

"सिव्हिल," मी ठोकून दिलं.

"सिव्हिलमदून कोन?"

"पाटील सर."

ते हळूच म्हणाले, "पाटील सर मागच्या साली रिटायर झाले, साडभाऊ." आणि मग म्हणाले, "पन थांबा. तक्रार आली हाय तं लिहून घेतो."

मी चहाचे दोन कप घेऊन परत आलो तेव्हा टेबलावर तक्रारींची जाडजूड वही उघडी होती आणि साडभाऊ चष्मा पुसत होते. शेवटच्या ओळीवरची शाई अजून ओली होती. विभाग, सिव्हिल. तक्रारदार, पाटील सर. तक्रार, नेट बंद. आणि शेवटच्या रकान्यात, जिथं दुरुस्ती काय केली ते लिहायचं असतं, तिथं त्यांच्या गोल, सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, 'रिंग पूर्ण चालू स्थितीत असताना बंद केली.' खाली सही होती. मी ते वाचलं हे त्यांनी पाहिलं. त्यांनी वही मिटली, कप जवळ ओढला आणि चहात साखर कमी आहे म्हणाले.